रानापर्यंत जाणारी गाडी

तुम्हा दोघांना आजोबा आठवतात ते व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीत बसलेले. फोनवरही ते तुम्हाला तसेच दिसायचे. मागे जाळीचा दरवाजा, खांद्यावर पंचा, आणि कॅमेऱ्याकडे न बघता भलतीकडेच बघून हसणारे. ते आजोबा खोटे होते असं मी म्हणत नाही, पण ते शेवटच्या काही वर्षांतले. त्याआधीचा माणूस खुर्चीत चहा संपेपर्यंतसुद्धा टिकत नसे. तो माणूस खुर्चीत कसा आला हे तुम्हाला कोणी सांगितलेलं नाही. तुमच्या बाबांनाही मी अर्धंच सांगितलं होतं. आता आजोबा नाहीत, म्हणून पूर्ण सांगते. मी आयुष्यभर मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवलं. हे इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला वाचायला सोपं गेलं असतं. पण यात ‘पाणंद’ आणि ‘हात देणं’ हे दोन शब्द असे आहेत की त्यांचं इंग्रजी मला अजून जमलेलं नाही. तेव्हा सावकाश वाचा.

आजोबा पाटबंधारे खात्यात होते. कालव्याच्या कडेकडेने जाणाऱ्या कच्च्या रस्त्यांवर त्यांचं सगळं तारुण्य गेलं. खात्याची एक पिकअप होती, मागे उघडा हौदा, चारही चाकांना जोर देणारी. गाडीला रीतसर ड्रायव्हर होता, पण तो शेजारी बसून तंबाखू मळायचा आणि साहेब गाडी चालवायचे. त्या गाडीत गिअरचे दोन दांडे असत, एक नेहमीचा मोठा आणि त्याच्या शेजारी एक आखूड. चिखलात गाडी बसायला लागली की तो आखूड दांडा ओढायचा, मग गाडी म्हशीसारखी सावकाश आणि न डगमगता बाहेर निघायची. ही उपमा त्यांची. मला म्हशींचं फारसं कळत नाही. मी शहरात वाढले.

आपलं रान केमजवळ. स्टेशनपासून आधी डांबरी रस्ता, मग मुरमाचा, आणि शेवटी पाणंद, म्हणजे दोन्हीकडच्या शेतांमधून जाणारी गाडीवाट. उन्हाळ्यात त्या पाणंदीतून कुठलीही गाडी जाते. पण काळ्या मातीवर चार सरी पडल्या की ती चाकाला धरते, चाकाबरोबर वर चढते, वरच्या पत्र्यात दाटून बसते आणि शेवटी चाक फिरायचंच थांबतं. आपली छोटी गाडी तिथे कितीदा तरी रुतली. शेजारचा ट्रॅक्टरवाला दर वेळी ओढून काढायचा आणि दर वेळी म्हणायचा, "साहेब, ही गाडी सोलापुरात भाजी आणायची. हितं न्हाय चालायची."

आजोबा हसायचे, पण ते त्यांना लागायचं. पूर्वी ते गाडी डांबरीवर लावून पाणंद चालत जात. मग ते कमी झालं. "गुडघे," म्हणायचे. मीही गुडघेच दुखत असतील असं धरून चालले होते. नेमकं पावसाळ्यातच लिंबाच्या बागेला माणसाची गरज असते. पानांवर खैऱ्या रोगाचे डाग पडतात, तण माजतं, चर तुंबतात. तिथे गडी होता, पण गड्याने फोनवर सांगितलेलं आजोबांना पटत नसे. "पान उलटं करून बघितलंस का?" असं ते फोनवर विचारायचे, आणि पलीकडून जरा वेळाने "व्हय की" आलं की फोन ठेवून म्हणायचे, "नाही बघितलं."

तेव्हा एका जूनमध्ये त्यांनी जाहीर केलं, की आपण जुनी पिकअप घ्यायची. फोर बाय फोर. खात्याची होती तशी.

तुमच्या बाबांनी फोनवर ते ऐकलं आणि ते थेट नाही म्हणाले. तुमचे बाबा लांब राहून काळजी करतात, आणि लांबून केलेली काळजी नेहमी "नाही" या शब्दानेच सुरू होते.

"बाबा, ट्रॅक्टरवाल्याला सांगा ना. तो नेईल, आणेल."

"त्याच्या मागे ट्रॉलीत बसून? माझ्याच रानात?"

"मग नवीन घ्या. मी पाठवतो. जुन्या गाडीत ना एअरबॅग, ना काही."

"नव्या गाडीत कॉम्प्युटर असतो. तो बिघडला की केममध्ये कोण बघणार? स्टेशन मास्तर?"

मी आजोबांच्या बाजूने बोलले. मला त्या गाडीचं काही नव्हतं. पण त्या दिवसांत ते सकाळी उठून काय करू असं विचारायला लागले होते, आणि आमच्या लग्नाला इतकी वर्षं होऊन त्यांनी हा प्रश्न मला कधी विचारला नव्हता. गाडी शोधायला लागल्यापासून तो प्रश्न बंद झाला. ती गाडी मिळाली तर आजोबा मला परत मिळणार होते.

शोधणं सुरुवातीला मजेचं होतं. फोनवरच्या जाहिराती मी चष्मा लावून मोठ्याने वाचायची. सोलापुरातली प्रत्येक जुनी गाडी डॉक्टरांनी वापरलेली असते, हे मला तेव्हा कळलं. डॉक्टर हौदावाली पिकअप घेऊन काय करत असतील, पेशंट मागे टाकून नेत असतील काय, असं मी विचारलं तर आजोबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मी इंग्रजीत वाचूनही ठेवलं होतं. जुनी गाडी घेताना वाकून खालून चेसी बघावी, गंज दिसतो का, कुठे नवा रंग फासलाय का. पहिली गाडी बघायला आम्ही अक्कलकोट रस्त्यावरच्या एका आवारात गेलो, तेव्हा मी खरंच वाकले. पातळ सांभाळत, एका हाताने बंपर धरून. आवाराचा मालक धावत आला.

"आजी, काय पडलं? कानातलं का?"

"चेसी बघते आहे," मी म्हणाले.

तो आजोबांकडे वळला. "साहेब, तुम्ही मिस्त्री आणला नाही, हेडबाई आणल्या होय!"

ती गाडी खालून चाळणी झालेली होती. मालक म्हणाला, हवा खेळती राहते. आम्ही परत येताना भजी खाल्ली. आजोबांनी भज्याचा घाणा कढईतून निघतो न निघतो तोच एक भजं उचललं आणि तोंडात टाकलं. भज्यावाला म्हणाला, "ओ काका, हात भाजंल!" आजोबा म्हणाले, "आमचे हात सरकारी आहेत." मी तेव्हा हसले.

मग कोणीतरी वेळापूरच्या बाजूचे एक चाचा सांगितले. पूर्वी जनावरांचा व्यापार करायचे, आता ट्रॉल्या, ट्रॅक्टर आणि जुन्या गाड्या. सगळा मुलूख त्यांना चाचा म्हणायचा. वयाने बरोबरीचे असून आजोबाही चाचाच म्हणाले. त्यांच्याकडे हवी तशीच पिकअप आली होती. एका दगडखाणीवर चाललेली, पण जपलेली. आम्ही सकाळी निघालो. आजोबा चालवत होते. पंढरपूरपर्यंत रस्ता चांगला, आम्ही गप्पा मारत होतो. मधूनमधून ते मान खाली घालायचे, क्षणभर, आणि पुन्हा वर बघायचे. मला वाटलं ते काट्यात डिझेल किती राहिलं ते बघताहेत. त्यांना ती सवय होती.

चाचांचं आवार म्हणजे लिंबाच्या झाडाखाली मोकळी जागा. कडू लिंब, आपल्या बागेतला नव्हे. तिथे ती पिकअप उभी होती. रंग उडालेला निळा, हौद्याच्या फळीवर खाणीतल्या दगडांचे टवके, आणि आत ते दोन दांडे, एक लांब, एक आखूड. आजोबांनी दार उघडलं आणि आखूड दांड्यावर हात ठेवून नुसते उभे राहिले. मी इतकं वाचून गेले होते, पण त्यांच्याकडे बघून मला खाली वाकावंसं वाटलं नाही.

चाचा पांढरी दाढी, चौकड्याची लुंगी आणि खांद्यावर टॉवेल अशा थाटात आले. "बसा मालक. भाभी, खुर्ची घ्या. गाव कंचं तुमचं?"

"केम."

"केमची मानसं बाजारात लई बघितली. वडील येत हुते का बैलाला?"

"येत होते की. मीच असायचो संगं." आजोबांची बोली खेड्यातल्या माणसांत गेली की अशी बदलायची. शहरात ते कटाक्षाने शुद्ध बोलत.

गाडी चाचांनीच चालू करून दाखवली. आवाज ऐकून आजोबा म्हणाले, "बोलते आहे चांगली." तेवढ्यात एक वीटभट्टीवाला मोटरसायकलवरून आला. त्यालाही तीच गाडी बघायची होती. तो चाकांना लाथा मारत फिरायला लागला. आता भाव मोठ्याने बोलता येईना. बोललं की तो त्यावर चढवणार. चाचांनी खांद्यावरचा टॉवेल हातात घेतला आणि जरा मिस्कील हसत आजोबांना विचारलं, "हात देता का, मालक? का इसरला?"

हे तुम्हाला समजावून सांगायला हवं. जनावरांच्या बाजारात भाव तोंडाने करत नाहीत. घेणारा आणि विकणारा हातात हात घेतात, वरून टॉवेल किंवा पंचा टाकतात, आणि आत बोटांनी बोलतात. जितकी बोटं धरली तितका आकडा. बोटाचं मधलं पेर दाबलं की त्यावर अर्धा. समोरच्याला पटलं नाही तर तो उलट बोटं धरून आपला आकडा सांगतो. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी भाव दोघांनाच कळतो. आजोबा हे लहानपणी वडिलांच्या मांडीवर बसून शिकले होते. आमचं नवीन लग्न झालं तेव्हा त्यांनी मला शिकवायचाही प्रयत्न केला होता. मला गुदगुल्या व्हायच्या आणि आकडा चुकायचा.

"इसरतोय कशाला?" आजोबा म्हणाले आणि त्यांनी उजवा हात पुढे केला. शाळेच्या बक्षीस समारंभात नाव पुकारल्यावर मुलींचं तोंड जसं होतं, तसं त्यांचं तोंड झालं होतं.

टॉवेल दोघांच्या मनगटांवर पडला. चाचा आजोबांच्या डोळ्यांत बघत होते, आजोबा चाचांच्या. वीटभट्टीवाला लाथा मारायचा थांबला. टॉवेल जरासा हलला, मग थांबला. थोड्या वेळाने पुन्हा हलला.

"काय मालक?" चाचा म्हणाले.

"धरा की," आजोबा म्हणाले.

टॉवेल पुन्हा हलला. या वेळी चाचांच्या दंडाची शीर वर आलेली मला दिसली.

"धरा की, चाचा. लाजताय काय?"

चाचांचं हसू गेलं. ते अगदी हळू म्हणाले, "धरलीत की, मालक."

वीटभट्टीवाला हसला. "काका, झोप लागली काय उभ्या उभ्या?"

"असला भाव सांगितला की बोटंच बधिर झाली!" आजोबा मोठ्याने म्हणाले, आणि स्वतःच हसले. वीटभट्टीवालाही हसला. चाचा हसले नाहीत. त्यांनी टॉवेल काढला नव्हता. टॉवेलाखाली ते अजून आजोबांचा हात धरून होते, आता भाव करायला नव्हे, नुसताच.

मला सगळं एकदम दिसलं. कढईतलं भजं. सदऱ्याची बटणं लावायला वेळ लागतो म्हणून त्यांनी सगळीकडे बिनबटणांचे गोल गळ्याचे शर्ट घालायला सुरुवात केली होती आणि मला वाटलं होतं, हौस आली. चप्पल सोडून बूट वापरायला लागले होते. त्याआधी एकदा बाजारातून एका पायात चप्पल नसताना घरी आले आणि म्हणाले, तुटली, टाकून दिली. ती तुटली नव्हती. पायातून निघून गेलेली त्यांना कळली नव्हती. त्यांची साखर वाढलेली होती हे आम्हाला ठाऊक होतं. पण ती हातापायांपर्यंत पोचली आहे हे त्यांना एकट्याला ठाऊक होतं.

चाचांनी हात सोडला. टॉवेल झटकून खांद्यावर टाकला आणि म्हणाले, "आज न्हाय मालक. आज मंगळवार. आमी मंगळवारी ईकत न्हाय."

"असं कसं चाचा?" वीटभट्टीवाला म्हणाला. "गेल्या मंगळवारी तर मला ट्रॉली ईकली की तुमी!"

"तू गप की रं!" चाचा त्याच्यावर खेकसले. तो गप्प झाला. त्यालाही काहीतरी कळलं असावं, कारण तो मोटरसायकलकडे गेला आणि उगाच आरसा पुसत बसला.

आजोबांनी खिशातून आपल्या गाडीची चावी काढली. डोळ्यांनी बघून काढली, हे मी पहिल्यांदाच नीट पाहिलं. "चला," मला म्हणाले. "दुसऱ्या वारी येऊ."

आमच्यात एक पद्धत होती. भांडायचं झालं तर इंग्रजीत. तुमचे बाबा लहान असताना त्यांना कळू नये म्हणून सुरू झालेली, मग तशीच राहिली. मी आजोबांना इंग्रजीत म्हणाले, की चावी माझ्याकडे द्या. त्यांनी इंग्रजीत उत्तर दिलं नाही. सगळ्यांना ऐकू जाईल असं मराठीत म्हणाले, "का? मी आणलीय, मी नेणार."

"मग मी बसणार नाही."

"नको बसू. एसटी आहे वेळापूरहून."

ते गाडीत जाऊन बसले. इंजिन चालू केलं. मी लिंबाखाली उभी राहिले. गाडी जागची हलली नाही. इंजिन नुसतं चालू राहिलं. काचेतून मला त्यांचं डोकं दिसत होतं. वर, मग खाली, मग वर. मग त्यांनी इंजिन बंद केलं.

मी जवळ गेले. त्यांनी काच खाली केली.

"पायालाही कळत नाही गं," ते म्हणाले. "ब्रेक का क्लच, ते बघून दाबतो."

पंढरपूर रस्त्यावर ते मान खाली घालत होते ते डिझेलसाठी नव्हतं. आपले पाय कुठे आहेत ते बघायला.

मला रागवायचं होतं. समोरून ट्रक येत होते, रस्त्यावर शाळेच्या मुली सायकलवरून जात होत्या, हे सगळं मी बोलणार होते. पण त्यांनी काचेतून चावी बाहेर धरली होती, आणि मी चावी घेतली तरी त्यांची बोटं मिटलेलीच राहिली. चावी गेलेली त्यांना कळली नव्हती.

मला गाडी चालवता येत नाही. चाचा काही न विचारता पुढे आले. "मला सोलापूरला काम हाय भाभी. पावण्याकडं जायाचंच हुतं." काम नव्हतं, हे आम्हा तिघांनाही कळत होतं. आजोबा खाली उतरले आणि पुढे चाचांच्या शेजारी न बसता मागे बसले. आपल्या स्वतःच्या गाडीच्या मागच्या सीटवर ते कधीच बसले नव्हते. दार कुठल्या बाजूने उघडायचं तेही त्यांना पटकन सापडलं नाही.

सोलापूरपर्यंत दोघं बोलत होते. खिलार बैलांबद्दल, कुठला बाजार मोडला, कुठला वाढला याबद्दल, त्या निळ्या पिकअपच्या स्प्रिंगच्या पाट्यांबद्दल. आजोबा मागून सांगत होते, "पुढे वळणावर खड्डा आहे, डावीकडून घ्या." चाचा डावीकडून घेत होते. मी खिडकीबाहेर बघत होते. ऊस होता, मग ज्वारीची मोकळी रानं, मग पुन्हा ऊस. कोणाला वाटलं असतं, दोन जुने मित्र पाहुण्याकडे निघालेत.

घरी आल्यावर चाचांनी चहा घेतला, बाकी काही नको म्हणाले. निघताना दारात उभे राहून म्हणाले, "येतो मालक. गाडी कुनाला देत न्हाय. हात बरा झाला की या. मी ठिवतो तुमच्यासाठी."

आजोबा व्हरांड्यात उभे होते. "ठेवू नका," ते म्हणाले. "त्या वीटभट्टीवाल्याला देऊन टाका. फक्त त्याला सांगा, चालत्या गाडीत तो आखूड दांडा ओढायचा नाही. आधी गाडी थांबवायची, मग ओढायचा. नाहीतर गिअरचे दात जातात."

"सांगतो," चाचा म्हणाले. ते फाटकाबाहेर जाईपर्यंत आजोबा उभे राहिले. मग खुर्चीत बसले.

डॉक्टरांनी पुढच्या आठवड्यात सुई टोचून तपासलं. आजोबा डोळे मिटून म्हणायचे, टोचा. डॉक्टर म्हणायचे, टोचली. मी खोलीबाहेर जाऊन उभी राहिले. ती नस परत जागी होत नाही, आहे तेवढं सांभाळायचं, असं त्यांनी सांगितलं. रान आम्ही वाट्याने दिलं. फोनवरून तुमच्या बाबांना मी इतकंच म्हणाले, की गाडी पसंत पडली नाही. ते खूश झाले.

पाणंद सुकल्यावर आपली छोटी गाडी ड्रायव्हर ठेवून नेता आली असती. मी दोन-तीनदा विचारलं. "पाहुण्यासारखं जायचं नाही," ते म्हणाले. एकदा मी एकटीच गेले आणि आले. ते खुर्चीत वाट बघत होते. लिंबं किती निघाली हे विचारलं नाही. विचारलं, "वाट कशी होती?"

"कोरडी."

"ट्रॅक्टर लागला नाही?"

"नाही."

त्यांनी मान हलवली. मी पिशवीतून लिंबं काढून त्यांच्या हातात दिली. ते ती डोळ्यांसमोर धरून बघत बसले, साल जाड का पातळ ते. पूर्वी ते अंगठा फिरवूनच सांगायचे.

मग गेल्या जुलैत तुम्ही आलात. पाऊस होता, म्हणून बाबांनी तुम्हाला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसवून रानात नेलं. तू, थोरली, आजोबांना हाताला धरून ओढत होतीस आणि ते म्हणत होते, मला कंटाळा येतो गं, तुम्ही जा. दुपारी तुम्ही आलात ते चिखलाने काळे होऊन, आणि ट्रॉली कशी हलत होती, कशी घसरत होती ते दोघंही एकदम सांगत होतात. आजोबा प्रत्येक वाक्य दोनदा विचारून घेत होते. पाणंदीच्या कुठल्या बाजूला? विहिरीच्या आधी का नंतर?

तुमचे बूट मागच्या अंगणात पडले होते. पांढरे, आणि तळव्यांच्या खाचांत आपल्या रानाची काळी माती घट्ट बसलेली. मी कामाच्या बाईंना धुवायला सांगणार होते. पण आजोबा नळाजवळच्या पायरीवर जाऊन बसले होते. एक बूट मांडीवर घेऊन, जुन्या सुरीच्या टोकाने ते एकेक खाच साफ करत होते. निघालेली माती टाकत नव्हते, कढीपत्त्याच्या कुंडीत ठेवत होते. तुम्ही दोघं भोवती बसलात. त्यांनी तुम्हाला माती दाखवली, ही ओली असताना अशी दिसते, सुकल्यावर हिला बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. फार दिवसांनी ते इतके बोलत होते. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऐकत होते आणि भाजी करपू दिली.

"आजोबा, रक्त!" धाकट्याने ओरडून सांगितलं.

पांढऱ्या नाड्या लाल झाल्या होत्या. किती वेळ झाला होता कोण जाणे. आजोबांनी आधी बुटाकडे बघितलं, मग तुमच्या हातांकडे, कोणाला लागलं म्हणून. मग आपल्या बोटाकडे.

"दुखतंय का?" तू विचारलंस.

"छे. अजिबात नाही."

तुम्ही धावत आईला सांगायला गेलात, की आजोबा किती शूर आहेत, एवढं रक्त आलं तरी रडले नाहीत. मी बाहेर येऊन त्यांचा हात नळाखाली धरला. पाणी लालसर होऊन वाहून गेलं, पुन्हा लालसर झालं. तुमचे आवाज आत गेलेले बघून ते माझ्याकडे वाकले आणि हळूच विचारलं, "खोल आहे का गं?"

"नाही," मी म्हणाले, आणि फडकं घट्ट आवळलं.